आपली मूल्ये आणि आपला आठवडा यांचा मेळ कसा घालावा: पायऱ्या, क्रम आणि नेहमीच्या चुका

आपल्याला जे महत्त्वाचे वाटते त्यालाच वेळ मिळावा, असे ठरवणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. रविवारी रात्री कोऱ्या पानावर ‘कुटुंब, आरोग्य, वाचन, समाजकार्य’ असे चार शब्द लिहायचे, त्यांच्याखाली पहाटे साडेचारपासूनचे वेळापत्रक आखायचे आणि गुरुवारपर्यंत ते कोलमडले की स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावायचा, हा प्रकार घरोघरी चालतो. माझ्या मते यात इच्छाशक्तीचा दोष फारच थोडा असतो. वेळापत्रक हे शेवटून दुसरे काम आहे आणि लोक ते सर्वांत आधी करतात, हे खरे कारण आहे.

क्रम असा ठेवावा: आधी आठवड्याची नोंद, मग तासांची बेरीज, त्यानंतर मूल्यांची निवड, मग दोन्हींमधली तफावत, मग वेळ मोकळा करणे, घरच्यांशी बोलणे, त्यानंतर वेळ नेमणे आणि शेवटी पडताळणी. यासाठी साधारण सहा आठवडे लागतात: एक नोंदीचा, एक विचाराचा आणि चार प्रत्यक्ष आचरणाचे.

## पूर्वतयारी

नोंदीसाठी आठवडा निवडताना घाई करू नये. आमच्या सोलापुरात जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वर यात्रा असते, गड्ड्यावर म्हणजे यात्रेच्या जत्रेत घरची मंडळी संध्याकाळी जाऊ लागतात, पाहुणे येतात, आणि त्या दिवसांतील नोंद वर्षभराचे चित्र दाखवत नाही. गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरला पायी जाण्याचे दिवस, घरातले लग्न आणि हिशेबाचे काम करणाऱ्यांसाठी मार्चअखेर, हेही टाळावे. मात्र अगदी ‘आदर्श’ आठवडाही शोधत बसू नये. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे पाण्याचा निदान एक दिवस नोंदीत यायलाच हवा. पिंप, घागरी आणि टाकी भरण्यात जाणारा तास हा तुमच्या आयुष्याचाच भाग आहे आणि तो वगळून आखलेले वेळापत्रक पाण्याच्या पहिल्याच दिवशी मोडते.

साहित्य साधे आहे. एक वही, खिशात राहील असे पेन आणि दिवसाला एक पान, ज्यावर अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ ओळी आखलेल्या असतील. पान पहाटे ४ वाजता सुरू करून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ वाजता संपवावे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणांत हीच रीत वापरली गेली आणि घरगुती नोंदीलाही ती सोयीची पडते, कारण रात्री साडेबारापर्यंत जागणाऱ्याचा किंवा रात्रपाळी करणाऱ्याचा दिवस मध्येच तुटत नाही.

## पायरी १: सात दिवसांची प्रामाणिक नोंद

दिवसातून चार वेळा वही उघडावी: सकाळी घराबाहेर पडताना, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी घरी परतल्यावर आणि झोपण्यापूर्वी. सगळी नोंद रात्री आठवून लिहिणाऱ्यांच्या हातून नेमका निसटणारा वेळच निसटतो, कारण चौकातला चहा किंवा जेवणानंतरचा मोबाइल कुणाच्या आठवणीत राहत नाही.

कृती लिहावी, तिचा गट लिहू नये. ‘काम’, ‘कुटुंब’, ‘विश्रांती’ हे शब्द नोंदीत नकोत. उदाहरणादाखल अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या, भवानी पेठेत राहणाऱ्या एका गृहस्थाची कल्पना करू. पत्नी, शाळकरी मुलगा आणि वृद्ध वडील (अण्णा) असे त्यांचे घर आहे. त्यांच्या मंगळवारच्या पानावरच्या ओळी अशा असतील:

रात्री ८.३०–९.०० : जेवण. (टीव्ही चालू.)
९.००–९.३० : मुलाची गणिताची वही पाहिली, १० मि.; उरलेला वेळ फोनवर कारखान्याचा ग्रुप.
९.३०–१०.०० : अण्णांजवळ बसलो. (१५ मि. फोन.)
१०.००–११.३० : अंथरुणावर व्हिडिओ.

तिसऱ्या ओळीतला कंस महत्त्वाचा आहे. एका वेळी दोन गोष्टी चालल्या असतील तर मुख्य गोष्ट आधी आणि दुसरी कंसात लिहावी. पुढे तफावत पाहताना सर्वाधिक उपयोग या कंसांचाच होतो.

सावधान: नोंदीच्या आठवड्यात सुधारू नका. वहीत चांगले दिसावे म्हणून पहाटे फिरायला गेलात, तर तुम्ही एका पाहुण्याचा आठवडा नोंदवाल आणि पुढची सगळी गणिते त्याच्यासाठी कराल.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी फोनमधला वापराचा आकडा पाहावा. अँड्रॉइडमध्ये तो ‘डिजिटल वेलबीइंग’ या ठिकाणी आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या ठिकाणी दिसतो. वहीतला फोनचा वेळ आणि हा आकडा यांत दिवसाला तासाभराहून अधिक फरक असेल, तर आणखी तीन दिवस नोंद करावी.

## पायरी २: १६८ तासांची बेरीज

आठवड्याचे तास १६८. प्रत्येक नोंद तीनपैकी एका रकान्यात टाकावी. जे तुमच्या हातात नाही ते बांधील: झोप, नोकरी, येणे-जाणे, आंघोळ-जेवण. जे करावेच लागते, पण कधी आणि कुणी करायचे हे बदलू शकते ते लवचीक: बाजारहाट, पाणी भरणे, बिले, साफसफाई. उरलेले मोकळे.

वरच्या गृहस्थांचा हिशेब पाहू. झोप ४९ तास, सहा दिवसांची नोकरी ५४, येणे-जाणे ६, आंघोळ-जेवण वगैरे १४, घरकाम आणि बाजार १०. ही बेरीज १३३ होते. उरले ३५. त्यांपैकी फोन आणि टीव्ही १७, कट्ट्यावर मित्रांबरोबर ५, घरच्यांबरोबर निवांत ७, आणि ६ तास असे की ते कशात गेले हे नोंदीतूनही कळत नाही. ‘मला अजिबात वेळ नसतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात ३५ तास निघाले, म्हणून त्याला खोटारडा ठरवू नये. ते तास दहा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे दमलेल्या वेळी येतात. मोकळ्या वेळेच्या बेरजेइतकाच तो केव्हा आणि किती सलग मिळतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. म्हणून मोकळ्या नोंदींपैकी ज्या सलग ४५ मिनिटांहून मोठ्या आहेत, त्यांना वेगळ्या शाईने खूण करावी.

ज्यांचे काम नगावर चालते, म्हणजे हजाराच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या मंडळींचे, त्यांचा मोकळा रकाना आठवड्याला पाच-सहा तासांवर येऊ शकतो. त्यांनी पायरी ५ मधील वेळ मोकळा करण्याचा भाग सोडून द्यावा आणि पायरी ४ मधील दुसऱ्या प्रकारच्या तफावतीवर सगळा भर द्यावा. ज्याच्याजवळ वेळच नाही त्याला वेळेचे नियोजन शिकवणे हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

## पायरी ३: मूल्यांची निवड, पुराव्यांवरून

आता कुठे मूल्यांकडे वळावे. इथे विचार करून शब्द सुचवण्यापेक्षा पुरावे पाहणे चांगले. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रसंगांत लिहावीत, विशेषणांत लिहू नयेत. गेल्या वर्षभरात कोणत्या गोष्टीसाठी तुम्ही रजा टाकली, पैसे मोडले किंवा कुणाची नाराजी पत्करली? नोंदीच्या आठवड्यातील कोणत्या अर्ध्या तासाचे दुसऱ्या दिवशीही समाधान टिकले? काय राहून गेल्याची चुटपुट लागते? आणि कुणालाही कळणार नसेल, कुणी कौतुक करणार नसेल, तरी तुम्ही काय करत राहाल?

शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबावे, कारण उसनी मूल्ये इथेच गळतात. ‘वाचन’ हे पुष्कळांच्या यादीत असते आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाचे कार्डही असते. परंतु वर्षभरात एकही पुस्तक हाती न घेता ज्याला त्याची चुटपुट लागलेली नाही, त्याने वाचन हे आपले मूल्य आहे असे मानण्याची काहीच गरज नाही. ते नसणे हा दोष नव्हे. उसन्या मूल्यासाठी राखलेला वेळ मात्र हमखास वाया जातो.

मूल्य आणि उद्दिष्ट यांची गल्लत ही दुसरी मोठी चूक. ‘मुलाला दहावीत ९० टक्के मिळावेत’ हे उद्दिष्ट आहे, तेही मुलाचे. ते साधले किंवा हुकले की संपते. ‘मुलाच्या अभ्यासात त्याच्या सोबत असणे’ हे मूल्य आहे, कारण ते निकालानंतरही संपत नाही आणि ते आज संध्याकाळी आचरता येते. प्रत्येक मूल्य अशा क्रियापदासह, शक्यतो माणसाच्या नावासह लिहावे: ‘अण्णांच्या म्हातारपणात त्यांच्याजवळ असणे’, ‘शरीर चालते ठेवणे’, ‘हातातले काम चोख करणे’.

तीनच निवडावीत. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये मानवी मूल्यांची जी मांडणी केली, तिच्यात दहा मूल्ये एका वर्तुळात येतात. शेजारची एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची एकमेकांना खेचतात. व्यक्तिगत यश आणि इतरांची काळजी यांच्यात, किंवा सुरक्षितता आणि स्वतःच्या मनाप्रमाणे वागणे यांच्यात अशीच ओढाताण असते. दहा मूल्यांची यादी करणारा माणूस ही ओढाताण नजरेआड करतो आणि मग ती त्याला रोज संध्याकाळी नव्याने सोसावी लागते.

तपासणी: तिन्ही वाक्ये घरातल्या एका जाणत्या माणसाला वाचून दाखवावीत आणि ‘हे माझ्या वागण्यातून कधी दिसले आहे का?’ एवढेच विचारावे. एकाही प्रसंगाचे उदाहरण न आठवल्यास ते वाक्य पुन्हा तपासावे.

## पायरी ४: तफावत वाचणे

डाव्या पानावर तीन मूल्ये, उजव्या पानावर त्यांना मिळालेले तास आणि कंसातल्या नोंदी. तफावत तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. सरसकट ‘जास्त वेळ द्यायला हवा’ असा निष्कर्ष काढल्यामुळे बऱ्याच जणांचे श्रम फुकट जातात.

पहिला प्रकार वेळच न मिळाल्याचा: फिरणे शून्य मिनिटे. दुसरा प्रकार वेळ मिळाला, पण तो अर्धवट गेला याचा: अण्णांजवळचा अर्धा तास, ज्यातली १५ मिनिटे फोनने खाल्ली. इथे नवा वेळ शोधण्याची गरज नाही, हाती असलेलाच वेळ पूर्ण द्यायचा आहे. तिसरा प्रकार वेळ चुकीच्या जागी असल्याचा: मुलाची वही रात्री नऊनंतर पाहायची, जेव्हा तो पेंगलेला आणि बाप थकलेला असतो.

माझ्या अनुभवात दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि तोच सर्वांत कमी ओळखला जातो. कष्टकरी घरांना तर हाच खरा आधार आहे. बिड्या वळताना मुलीकडून धडा मोठ्याने वाचून घेणारी आई एकही नवा तास न काढता तिच्या अभ्यासात सामील होते.

सावधान: नोकरीचे ५४ तास ‘मूल्यांविरुद्ध गेलेले’ म्हणून मांडू नका. घर चालवण्यासाठी, कर्ज फेडण्यासाठी, औषधपाण्यासाठी केलेले काम हे त्याच माणसांसाठी केलेले असते. ते तास कोणत्या मूल्याच्या पोटी येतात, हे पानावर स्पष्ट लिहावे.

## पायरी ५: आधी वेळ मोकळा करणे

नवे काही जोडण्यापूर्वी जुने काही काढले पाहिजे. हा नियम न पाळल्यास नवा वेळ झोपेतून कापला जातो आणि आठवड्याभरात चिडचिड सुरू होते. मोकळ्या तासांपैकी जास्तीत जास्त एकतृतीयांश तास हाताळावेत; ३५ पैकी ११-१२ पुरे. उरलेले तास आजारपण, पाहुणे, वीज जाणे आणि निव्वळ आळस यांसाठी राहू द्यावेत. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, पूर्वीचा अनुभव हाताशी असतानाही माणसे स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतात. म्हणून अर्ध्या तासाच्या कामाला पाऊण तास धरावा.

‘फोन कमी वापरीन’ हा निश्चय टिकत नाही, कारण त्यात जागा नाही आणि वेळही नाही. ‘रात्री दहानंतर फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत राहील आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ असेल’ ही व्यवस्था आहे. आमच्या गृहस्थांना एवढ्यानेच आठवड्याचे सात-आठ तास मिळू शकतात आणि त्यांतले चार तरी झोपेला द्यावेत, असा माझा आग्रह राहील. सकाळच्या कोणत्याही संकल्पाची मुळे आदल्या रात्रीच्या झोपेत असतात.

जबाबदाऱ्या सोडताना तोंडावर नकार देणे जमत नाही, ही खरी अडचण आहे. मंडळ, सोसायटी, ज्ञातिसंस्था, सगळीकडे ओळखीचीच माणसे असतात. अशा वेळी काय करणार हे आधी सांगावे आणि मग काय करणार नाही ते सांगावे: “वर्गणी माझी असेलच, पण यंदा हिशेबाची जबाबदारी मला घेता येणार नाही, नव्या माणसाला जुन्या वह्या समजावून देईन.” वर्षाच्या मधोमध, काम अंगावर असताना सोडू नये, नव्या निवडीच्या वेळी सोडावे.

## पायरी ६: घरच्यांशी बोलणे

ही पायरी गाळणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यात पुरुष अधिक आहेत. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामात सहभागी स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ आहेत. म्हणजेच नवऱ्याने स्वतःच्या मूल्यासाठी काढलेला तास बहुधा बायकोच्या दिवसातून निघतो. तसा काढलेला तास मी मोकळा केलेला मानत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारावा: “बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी अण्णांना फिरायला नेईन म्हणतो. तेव्हा तुझ्यावर काय पडेल?” उत्तर आले, “पाणी नेमकं त्याच वेळेला आलं तर टाकी कोण भरणार?” तर ती तक्रार समजू नये. वेळापत्रकातले भोक तिने आधीच दाखवून दिले आहे.

ज्याच्यासाठी वेळ काढायचा त्यालाही विचारावे, हे तर हटकून राहते. अण्णा कदाचित म्हणतील, “संध्याकाळी रहदारीत नको रे बाबा. सकाळी पेपर वाचून दाखवलास तरी पुष्कळ झालं.” मुलाने मनात रंगवलेली सेवा आणि वडिलांना हवी असलेली सोबत यांत असे अंतर असते आणि ते एका वाक्याने मिटते.

स्त्रियांनी ही पायरी उलट दिशेने करावी. लवचीक रकान्यातील कामांपैकी कोणते दुसऱ्या कुणाचे आहे हे आधी ठरवून घ्यावे आणि ‘मदत’ न मागता ते काम पूर्णपणे सोपवावे. डाळ संपली हे लक्षात ठेवण्यापासून ती आणण्यापर्यंत.

## पायरी ७: वेळ नेमणे

आता वेळापत्रक, आणि तेही फक्त एका मूल्याचे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलेली ‘असे झाले की तसे करीन’ ही रचना इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात घड्याळाऐवजी आधी घडणारी गोष्ट खूण म्हणून वापरता येते. ‘रोज अण्णांना वेळ देईन’ याऐवजी लिहावे: ‘सकाळचा चहा झाला की मी पेपर घेऊन अण्णांच्या खोलीत वीस मिनिटे बसेन आणि फोन स्वयंपाकघरातच राहील.’

प्रत्येक नेमणुकीची दोन रूपे ठेवावीत, एक नेहमीचे आणि एक अडचणीच्या दिवसाचे. पाण्याच्या दिवशी वीस मिनिटांऐवजी केवळ ठळक बातम्या, पाच मिनिटे. शरीर चालते ठेवण्याच्या बाबतीत ऋतूही धरावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हिवाळ्यात ठरवलेली सकाळी आठची फेरी टिकणार नाही. उन्हाळ्याची वेळ सहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यानंतरची हवी आणि ती आत्ताच लिहून ठेवावी.

तपासणी: लिहिलेल्या ओळीत खूण, जागा, कालावधी आणि अडचणीच्या दिवसाचे रूप, या चारही गोष्टी आहेत का? एक जरी नसेल तरी सुरुवात पुढे ढकलावी.

## पायरी ८: चार आठवड्यांची पडताळणी

दर रविवारी पंधरा मिनिटे वही उघडावी आणि किती दिवस जमले ते मांडावे. न जमलेल्या दिवसांपुढे कारण म्हणून ‘आळस’ लिहू नये. त्या वेळी प्रत्यक्षात काय चालले होते ते लिहावे. तीच गोष्ट तीनदा आडवी आली असेल तर वेळ बदलावी, मूल्य बदलू नये. याउलट सगळे दिवस जमले, तरीही त्यात काही हाती लागल्यासारखे वाटत नसेल, तर पायरी ३ वर परत जावे. निवडलेले मूल्य उसने असण्याचा संभव आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते या समजुतीवर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडण बिघडत नाही. म्हणून बाविसाव्या दिवशी जड वाटते म्हणून सोडू नये आणि एक दिवस गेला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजू नये.

दुसरे मूल्य चार आठवड्यांनंतरच घ्यावे, तेही पहिले जेमतेम नव्हे, तर विनासायास चालत असेल तरच. कामाची पाळी बदलली, मूल दहावीला गेले, घरात आजारपण आले किंवा निवृत्ती जवळ आली, तर आधीची बेरीज निकामी होते. अशा वेळी पूर्ण सात दिवसांची नोंद पुन्हा करण्याची गरज नसते: कामाचे दोन दिवस आणि एक सुट्टीचा, त्यांपैकी एक पाण्याचा, एवढ्या तीन पानांवर पायरी २ पासून पुढे जाता येते.